छत्रीखालचा बगळा आणि चौदावा नियम

...नाही, पण मला सांगा, स्वतःच्या घरात, स्वतःच्या जेवणाच्या टेबलावर, स्वतःच्या बायकोच्या शिक्क्यानं कागदावर एक बगळा उमटवायचा, तर त्याला ठराव लागतो? सूचक लागतो? अनुमोदक लागतो? अहो, बावीस वर्षं झाली, मी कवळ्या करतोय. दातांच्या दवाखान्यात, मागच्या खोलीत. लोकांच्या तोंडाचं माप घ्यायचं, साचा काढायचा, हुबेहूब दात करायचे आणि परत त्यांच्या तोंडात बसवायचे. आजवर एकानं विचारलं नाही की बाबा रे, या दातांची नक्कल करताना मूळ दातांची परवानगी घेतली होतीस का! आणि इथे एक बगळा... एक पाय वर, डोक्यावर छत्री, उभा राहिला तर माझ्या दोन बोटांएवढा... त्याच्यापायी अडीच तासांची सभा, एक रजिस्टर पत्र, आणि एका बाईला मंडळातून काढायची भाषा. एवढं सगळं!

थांबा, पहिल्यापासून सांगतो. नाहीतर तुम्हाला वाटायचं, हा माणूस बगळ्यावर का उखडलाय.

आमच्या हिला कागदाचा नाद. शुभेच्छापत्रं करते. त्याला लागतात शिक्के. रबरी. ऑफिसातले 'मिळाले' नि 'रद्द' तसले नव्हेत, चित्रांचे. मांजर, सायकल, किटली, टोपी घातलेला उंदीर. शिक्का शाईच्या गादीवर टेकवायचा, कागदावर दाबायचा, उचलायचा, की चित्राची नुसती रेघ उमटते. त्याला म्हणायचं ठसा. मग त्यात रंग भरायचे, कापायचा, चिकटवायचा, पत्र तयार. ज्याचा वाढदिवस त्याच्या हातात द्यायचं. तो "अय्या, हातानं केलंत?" म्हणतो आणि औषधांच्या खोक्यात टाकतो. असे शिक्के हिच्याकडे तीनशे बारा. कपाटाचे तीन खण शिक्क्यांचे. माझे निम्मे शर्ट पलंगाखाली. बोललो का मी काही? नाही बोललो.

आता एकटीनं वेडं व्हायला मजा येत नाही, म्हणून मंडळ. अकरा जणी. एक शनिवार सोडून एक शनिवार, दुपारी, आमच्या जेवणाच्या टेबलावर. त्या दिवशी मी ओट्यापाशी उभ्यानं जेवतो. आणि प्रत्येकीकडे प्रत्येक शिक्का कुठला असायला? तर देवाणघेवाण. "तू मला दहा मांजरं दे, मी तुला दहा सायकली देते." ऐकायला किती सोपं, नाही का? पण मांजराला मालक असतो, तुम्हाला सांगतो! म्हणजे ज्यानं ते मांजर पहिल्यांदा काढलं तो. आणि म्हणून नियम. तेरा नियम! कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेत. मी शर्ट शोधायला गेलो की तेच वाचतो. ठसा स्वतःच्या शिक्क्याचा असावा. ठसा मालकिणीनं स्वतःच्या हातानं मारलेला असावा. झेरॉक्स नाही. स्कॅन नाही. फोनवर रंगवलेलं पत्र दाखवावं, कोरा ठसा दाखवू नये. ठशाच्या पाठीवर चित्रकाराचं नाव लिहावं... तेरा! आणि मंडळात आहेत नियमबाई. कोर्टाच्या ऑफिसातून निवृत्त झाल्या, पण कोर्ट त्यांच्यातून निवृत्त झालं नाही. प्रत्येक बैठकीच्या आधी तेराही नियम मोठ्यानं वाचतात. उभ्यानं. टोपीवाल्या उंदरासमोर.

तुम्ही हसाल. मीही हसलो होतो. पण त्यामागे गोष्ट आहे हो. हा जो छत्रीखालचा बगळा, तो काढला एका चित्रकार बाईंनी. म्हाताऱ्या आहेत. त्या चित्र काढायच्या, भाऊ रबर कापायचा, त्यावर दोघांचं घर चालायचं. तर मंडळातल्या एका बाईनं... आता ती नाही मंडळात... बगळ्याचा कोरा ठसा स्कॅन करून फोनवरून मैत्रिणीला पाठवला. नुसता प्रेमानं! मैत्रिणीनं तिच्या मैत्रिणीला. महिनाभरात बाजारात बगळ्याच्या पिशव्या. बगळ्याचे मग. बगळ्याचं पायपुसणं! लोक बगळ्यावर पाय पुसून घरात शिरतायत! चित्रकार बाईंनी मंडळाला चार ओळींचं पत्र लिहिलं: मी रागावले नाही, दमले आहे, यापुढे बगळ्याचा शिक्का निघणार नाही. संपलं. ही ते पत्र वाचून दोन दिवस जेवली नाही. आणि मग तिनं स्वतः बसून तेरा नियम लिहिले. म्हणजे आमच्या घरातले कायदे आमच्या हिनंच केलेत, हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मला काय वाटलं तेव्हा? काही नाही. खरंच सांगतो, मला हल्ली काही वाटतच नाही. हा आमच्या धंद्याचा परिणाम असणार. आमचे डॉक्टर सुई टोचून हिरडी बधिर करतात, आणि पेशंट माझ्या खोलीत येतो दातांचा रंग बघायला. येतो तो ओठ चाचपत. घाबरलेला. "अहो, माझा ओठ कुठाय?" मी सांगतो, घाबरू नका. ओठ आहे, पण आपला नाही. तासाभरात परत मिळेल. बावीस वर्षं दिवसातून दहादा हे वाक्य बोललो, तेच अंगात मुरलं बघा. मुलगी नोकरीसाठी परगावी गेली, ही आठ दिवस डोळे पुसत होती. मी तिच्या खोलीत गेलो, दिवा बंद केला, बाहेर आलो, वर्तमानपत्र उघडलं. वाटलं काय? काही नाही. ओठ आहे, पण आपला नाही.

बरं. आता शिवणताई.

शिवणताई म्हणजे हिची तीस वर्षांची मैत्रीण. जिच्या मशीनवर अर्ध्या गल्लीचे कपडे झाले अशी बाई. गेल्या वर्षी झटका आला. उजवं अंग गेलं, मग अर्धंमुर्धं परत आलं. तोंड एका बाजूनं हसतं. मशीन बंद. हाताला व्यायाम हवा, म्हणून हिनं तिला रंग भरायला बसवलं. जाडजूड पेन्सिली, त्यांना कापड गुंडाळलेलं. आणि काय रंगवायचं? बगळा. दुसरं काही नकोच! मांजर दिलं तर म्हणे, "मांजर बसलंय, त्याला काय धाड भरलीये. हा बघ, एका पायावर उभा आहे, माझ्यासारखा." शिक्का मारणं काही तिला जमत नाही. हात थरथरतो, एकाचे दोन बगळे होतात, एकमेकांत अडकलेले. म्हणून दर रविवारी आमची ही वीस बगळे मारणार, पाठीवर चित्रकार बाईंचं नाव लिहिणार, पाकिटात घालणार, आणि सोमवारी सकाळी दवाखान्यात जाताना मी ते शिवणताईंकडे टाकणार. वर्षभर चाललं. बगळे वाहून मी पोस्टमन झालो.

आणि मग ही स्टुलावरून पडली. कशासाठी चढली? कपाटावरच्या शिक्क्यांच्या डब्यासाठी! खणात मावत नाहीत ना. उजवं मनगट मोडलं. आठ आठवडे प्लास्टर. तोवर आमच्या घरात प्लास्टर कवळ्यांच्या साच्यापुरतं होतं, आता ते पलंगावरही आलं.

पहिल्याच रविवारी ही रडकुंडीला. "अहो, शिवणचे बगळे!" म्हटलं, त्यात काय, जुना ठसा आहे ना एखादा, कोपऱ्यावरून वीस झेरॉक्स आणतो, पाच मिनिटांत... अहो, तिनं माझ्याकडे असं पाहिलं! मी शेजाऱ्याचं पोर विकून येतो म्हणालो असतो तरी असं पाहिलं नसतं. "झेरॉक्स? तुम्ही? पायपुसणं आठवतंय ना?" बरं, झेरॉक्स नको. मी मारतो ठसे. मला हात आहेत. बावीस वर्षं दाताच्या फटीत काम केलेले हात आहेत.

हिनं कपाटाच्या दाराकडे बघितलं. मग म्हणते, "नियम दुसरा. मालकिणीच्या हातानं."

"अगं, नियम तूच लिहिलास ना?"

"म्हणून तर मोडता येत नाही."

झाली सभा. शनिवारी. विषयपत्रिकेवर एकच विषय: पतीचा हात. तुम्हाला सांगतो, अडीच तास माझ्या हातावर चर्चा झाली आणि मी हात घेऊन तिथेच ओट्यापाशी उभा! नियमबाई चष्मा नाकावर घेऊन, "प्रश्न असा आहे की शिक्का कोणाच्या मालकीचा?" "माझ्या." "मग यजमानांचा हात हा तिऱ्हाइताचा हात ठरतो." एक जण म्हणाली, अहो, तिऱ्हाईत कसा, नवरा आहे तो! त्यावर कोपऱ्यातून एक आवाज, बारीक, "माझा नवरा मला तर तिऱ्हाईतच वाटतो." दुसरी म्हणाली, आज नवऱ्याचा हात, उद्या दिराचा, परवा दुकानात पगारी माणसं बसवून ठसे मारतील, मग पायपुसणं लांब नाही! तिसरी म्हणाली, पण हात नुसता दाबायचाच आहे ना? नियमबाई म्हणाल्या, "दाबायचाच असता तर छापखान्यानं काय पाप केलंय?" आणि मग सगळ्या माझ्या हाताकडे बघायला लागल्या. अकरापैकी दहा जणी, शिवणताई घरी. हातात माझ्या त्या वेळी ताटली होती. मी ती खाली ठेवली. उगाच पुरावा नको.

ठराव काय? चित्रकार बाईंना रजिस्टर पत्र लिहून विचारावं, की पतीचा हात चालेल का. उत्तर येईपर्यंत जैसे थे. आणि नियमबाईंनी सगळ्यांसमोर माझ्याकडून वदवून घेतलं: निकाल लागेपर्यंत मी बगळ्याच्या शिक्क्याला शाई लावणार नाही. म्हणालो, नाही लावणार. दिला शब्द. मला काय वाटलं? काही नाही. हातही तसाच. आहे, पण आपला नाही, सध्या कोर्टात आहे.

पण सोमवार कोर्टाचं ऐकत नाही ना! मी आपला सवयीनं शिवणताईंच्या दारात. रिकामा. त्या खिडकीशी बसलेल्या, पेन्सिली ओळीनं मांडून, टोकं काढून. "भाऊजी, बगळे?" म्हटलं, चौकशी चालू आहे. दुसऱ्या सोमवारी गेलो, पेन्सिली होत्या, टोकं नव्हती. वर्तमानपत्राच्या कडेला त्यांनी स्वतः बगळा काढायचा प्रयत्न केलेला... बगळा कसला, हँगरवर टाकलेला शर्ट वाटत होता. तिसऱ्या सोमवारी पेन्सिली डब्यात, डबा मशीनखाली. उजवा हात मांडीवर ठेवलेला, जसा दुसऱ्याचा सांभाळायला दिलाय. म्हणाल्या, "राहू दे हो, भाऊजी. नाहीतरी त्याला आता कुठं काय कळतंय." आणि बोटांकडे बघितलं.

मी काय बोलावं अशा वेळी? शहाणा माणूस काहीतरी धीराचं बोलला असता. माझ्या तोंडून निघालं काय? सवयीचं! "हात आहे, पण आपला नाही." जीभ चावली मी. आणि ती बाई हसली हो. अर्ध्या तोंडानं. "अगदी बरोबर! ओठाचंही तसंच. पण भाऊजी, माझा नसला तरी मी त्याला रोज कामाला लावते. तुमचं काय? तुमचं तर सगळं शाबूत आहे ना?"

मी दवाखान्यात आलो. दुपारच्या सुट्टीत डबा उघडला, मिटला. काय वाटलं असेल? काही नाही. पण हात खिशात गेला आणि खिशात होता बगळा. म्हणजे शिक्का. सकाळी कपाटातून उचलला होता. का उचलला? मला विचारू नका, हाताला विचारा, मला कुठं काय कळतंय.

आता बघा, मी शब्द काय दिला होता? शाई लावणार नाही. नाही लावली! मी लावलं माप घ्यायचं रबर. तेच, जे तुमच्या तोंडात भरतो आणि "नाकानं श्वास घ्या" म्हणतो. चार मिनिटांत घट्ट. सोलून काढलं, आत बगळा, उलटा, पिसापिसासकट! मग कवळी टोचू नये म्हणून तिच्या आतून जे मऊ अस्तर लावतो ना, ते भरलं त्या साच्यात. गरम पाण्यात शिजवलं. आणि निघाला की हो बगळा! जिवंत! फक्त गुलाबी. हिरड्यांच्या रंगाचा. काय करणार, आमच्याकडे तोच रंग मिळतो.

इथे एक गोष्ट घडली, बारीकशी. साचा बघताना लक्षात आलं, छत्रीच्या कडेला, उजवीकडे, रेघ तुटलेली. हिच्या शिक्क्याचा टवकाच उडालेला आहे तिथे, पहिल्यापासून; आणि मंडळात बगळ्याचा शिक्का एकट्या हिच्याकडे. प्रत्येक ठशात छत्रीला तेवढी फट यायची. आता मी बावीस वर्षं मोडकी कड दिसली की भरणारा माणूस. मोडका दात तसाच ठेवून कवळी करतो का कोणी? सुई घेतली, साच्यात एक रेघ ओढली, छत्री सांधली. दुसरा विचारसुद्धा आला नाही मनात. तिथेच माशी शिंकली, पण ते पुढे.

नुसता शिक्का देऊन काय उपयोग, त्यांचा हात थरथरतो. तर आमच्याकडे असतो लोखंडी जबडा. वरची कवळी खालच्या कवळीवर नीट बसते का बघायचं बिजागरीचं यंत्र. एक जुना, गंजका, टाकायला काढलेला होता. त्याच्या वरच्या बाजूला बगळा बसवला, खालच्या बाजूला कागदाची जागा. डाव्या तळव्यानं वरून नुसतं दाबायचं. कच्! जबडा मिटला. उघडला. बगळा हजर! चाचणीला, शाईऐवजी कवळीचा चावा तपासायचा निळा कागद घालून, एक काढला तेव्हा आमचे डॉक्टर मागून येऊन बघत होते. "पेशंट कोण आहे हा?" म्हटलं, बगळा. "बरं," म्हणाले आणि गेले. बावीस वर्षांत तेही माझ्याइतकेच बधिर झालेत.

शिवणताईंना तो जबडा दिला तेव्हा काय सांगू तुम्हाला! एक चावा, एक बगळा. दुसरा चावा, दुसरा बगळा. चहा राहिला बाजूला. चाळीस बगळे काढले बाईनं! मी म्हटलं, ताई, हिला सांगू नका हं. म्हणाल्या, "कशाला सांगू? अर्ध्या तोंडानं बोलायला मला वेळ लागतो, तेवढ्यात माझा एक बगळा रंगवून होतो."

आणि नाहीच सांगितलं त्यांनी. पुढच्या बैठकीला मात्र त्या स्वतः आल्या. वर्षात पहिल्यांदा. काठी टेकत, पुतण्याच्या गाडीतून, बारा पत्रं घेऊन. बारा बगळे! जांभळा बगळा, पट्ट्यापट्ट्यांची छत्री, एकाला तर त्यांनी स्वेटर घातला होता. सगळ्या वा वा करतायत, मी ओट्यापाशी घास चावतोय... आणि ही एक पत्र उचलते. जवळ नेते. लांब नेते. मग दुसरं उचलते. प्लास्टरच्या हातानं ते टेबलावर दाबून धरते. घास माझ्या तोंडात तसाच.

"शिवण, हे ठसे माझे नाहीत."

सगळ्या माना त्या पत्रावर वाकल्या.

"माझ्या छत्रीला फट आहे. ही छत्री अख्खी आहे."

अहो, मी कपाळावर हात मारून घेणार होतो, पण हातात ताटली! नियमबाई उठल्या. भिंग काढलं... पर्समध्ये भिंग घेऊन फिरते ही बाई! बाराही छत्र्या तपासल्या. "कुणीतरी ठसा स्कॅन करून, कंप्यूटरवर दुरुस्त करून, छापून घेतलेला दिसतोय. ताई, हे ठसे तुम्हाला कुणी दिले?" शिवणताईंनी जांभळा बगळा जवळ ओढला. "नियम तिसरा आणि चौथा. दोन्ही मोडलेत. नाव सांगितलं नाही तर मंडळात राहता येणार नाही. मला वाईट वाटतं, पण आपण हे एकदा भोगलंय." शिवणताई आपल्या जांभळ्या बगळ्याकडे बघत बसलेल्या. एक अक्षर नाही. आणि आमची ही... तीस वर्षांची मैत्रीण हो, त्या दोघींनी एकमेकींच्या बाळंतपणात डबे नेलेत... ही उभी, आणि तोंड असं झालेलं की चित्रकार बाईंच्या पत्राच्या दिवशीसुद्धा नव्हतं. "शिवण," एवढंच म्हणाली, "तू मागितले असतेस तर मी डाव्या हातानं मारले असते गं."

तुम्हाला सांगतो, गप्प राहणं मला सोपं होतं. मी त्यात तरबेज. ओठ आहे, पण आपला नाही, मिटून घ्यायचा, संपलं. पण औषध उतरायला लागलं की काय होतं माहितीय? लोकांना वाटतं, हळूच बरं वाटायला लागत असेल. छे! आधी मुंग्या येतात. मग जिथे काही नव्हतं तिथे एकदम ठणकायला लागतं. शिवणताईंनी मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, आणि हळूच नकारार्थी हलवली. 'बोलू नका.' माझ्यासाठी! तिचा खरोखरीचा अर्धा ओठ गेलाय, आणि तो तिनं माझ्यासाठी मिटून धरला होता.

तोंडातला घास गिळला. म्हटलं, "मी केला. दवाखान्यात. कवळीच्या अस्तराचा. गुलाबी आहे."

कुणालाच कळेना. मग पुतण्याला पाठवून जबडा आणवला. टेबलावर ठेवला. मी कागद सरकवला आणि दाबला. कच्! बगळा. दहा जणी एक पाऊल मागे! एक तर किंचाळलीच. नियमबाईंनी तो गंजका जबडा, त्यातला तो गुलाबी बगळा, सगळं भिंगातून बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कलम सापडेना. "तुम्ही शब्द दिला होता," म्हणाल्या. म्हटलं, शाई न लावण्याचा. ती शिवणताईंनी लावली. हिनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता काही खरं नाही. पण ती वळली, शिवणताईंच्या शेजारी जाऊन बसली आणि त्यांचा उजवा हात आपल्या प्लास्टरवर घेतला. माझ्याशी मात्र नाही बोलली. चार दिवस.

पहिल्या पत्राचं उत्तर यायचंच होतं, त्यात हे दुसरं गेलं, माझ्या कबुलीजबाबासकट, सोबत एक अख्ख्या छत्रीचा ठसा, पुरावा म्हणून. पंधरा दिवसांनी दोन्हीचं मिळून एकच उत्तर आलं. ही वाचताना मी बाजूलाच होतो, त्यामुळे पाठ आहे. लिहिलं होतं: 'ठसा कुणाच्या हातानं मारला जातो याचं मला काही नाही. शिक्का मात्र एकच असावा, कारण मी तो एकदाच विकला आहे. गुलाबी शिक्का कृपया तोडून टाकावा. ज्या गृहस्थांनी तो केला त्यांचं काम सफाईचं आहे. फक्त त्यांना सांगा, छत्रीची फट ही मोड नव्हती. ती मी काढलेली आहे. छत्री फाटकी आहे आणि पाणी नेमकं डोक्यावर गळतंय, म्हणून तर तो बगळा असं तोंड करून उभा आहे.'

घ्या! तीन वर्षं हिला वाटत होतं टवका उडालाय. मंडळाला वाटत होतं. मी तर भरूनच टाकला! मी पुन्हा बगळ्याकडे बघितलं, तुम्हाला सांगतो, पहिल्यांदा नीट बघितलं, आणि खरंच की हो! डोक्यावर गळतंय, आणि हा एका पायावर उभा, जसं काही झालंच नाही. चेहऱ्यावर काही म्हणता काही नाही. मला तो चेहरा ओळखीचा वाटला. रोज दाढी करताना दिसतो.

गुलाबी शिक्का मी कात्रीनं तोडला, शिवणताईंसमोर. चार तुकडे. त्यांनी एक तुकडा मागितला, एका पायाचा. म्हटलं, नियमात बसत नाही. म्हणाल्या, "एका पायाला कोण विचारतंय!" दिला.

संपली गोष्ट? छे हो. शनिवारी सभा. चित्रकार बाईंनी हाताला हरकत घेतली नाही म्हटल्यावर नियमबाईंना नियम करावाच लागला. चौदावा. ही मजकूर सांगतेय, नियमबाई लिहितायत, शिवणताई अनुमोदक. 'मालकिणीच्या पतीचा हात हा मालकिणीचाच हात समजावा.' एकमतानं मंजूर. दहा जणींनी आपापल्या घरी फोन लावले.

म्हटलं, ठीक आहे, आठ आठवड्यांचा प्रश्न आहे. प्लास्टर उतरलं. हिचं मनगट आता असं फिरतं की लाटणं फिरावं! मी म्हटलं, चला, घ्या तुमचा बगळा. ही म्हणाली, "अहो, नियमात मुदत कुठे घातलीये?" गेलो कपाटाशी, शर्ट बाजूला सारले, वाचला. खरंच नाही. बघा, कायदा लिहिणारीशी लग्न केलं की असं होतं.

आता दर रविवारी मी टेबलाशी बसतो. वीस बगळे, फाटक्या छत्रीचे. शिवणताईंना दुसऱ्या कुणाचे चालत नाहीत, म्हणे भाऊजींचा बगळा जास्त भिजलेला वाटतो. पंधराव्या बगळ्याला मनगटात मुंग्या येतात, अठराव्याला बोटं जातात, विसाव्याला मी हाताकडे बघतो, तो आपला आपण शिक्का शाईवर टेकवतोय, कागदावर दाबतोय, उचलतोय. आणि मागून ही म्हणते, "सरळ दाबा हो, माझा हात आहे तो!" मी काय बोलणार? हात आहे, पण आपला नाही... आणि आता तर लेखी आहे.